गळकं तळं

एकदा एका धनवान व्यापाऱ्याच्या बागेतलं तळं गळू लागलं. तळं लहानच, चार पायऱ्यांचं, चुन्यात बांधलेलं. पण ते त्याच्या दिवंगत पत्नीनं हौसेनं बांधून घेतलं होतं, त्यातले मासेही तिनंच सोडलेले. पाणी वीतभर उतरलेलं दिसलं, तरी व्यापाऱ्याच्या काळजात चर्र होई. म्हणून माळी रोज पहाटे विहिरीचं पाणी शेंदून तळं काठोकाठ भरी. गवंड्यांनी दोनदा तळं उपसून तळाला गिलावा केला, तरी गळती थांबेना. उन्हाळा तोंडावर आला, विहीरही खोल गेली. तेव्हा व्यापाऱ्यानं गावाबाहेरच्या मठातल्या वृद्ध आचार्यांना बोलावलं. संन्यास घेण्यापूर्वी ते गवंडीकाम करत.

आचार्य शिष्याला घेऊन आले. त्यांनी तळ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “उद्यापासून यात घागरभरही पाणी घालायचं नाही.”

व्यापारी दुखावला. “महाराज, तळं दुरुस्त करायला बोलावलंय मी तुम्हांला. आटवायला नव्हे.”

“दुरुस्तीच चालू आहे, शेठजी.”

मग रोज सकाळी आचार्य पाण्याच्या कडेनं भिंतीवर गेरूची एक रेघ ओढत आणि झाडाखाली जाऊन बसत. पहिल्या दोन रेघांत वीतभर अंतर पडलं, पुढे ते कमी होत गेलं. कमळाची पानं कलंडली, पायऱ्यांवरचं शेवाळ उघडं पडलं, माशांच्या पाठी दिसू लागल्या. व्यापारी बागेकडे फिरकेनासा झाला.

पाचव्या सकाळी पाणी आदल्या दिवसाच्या रेघेच्या दोन बोटं वर होतं. शिष्यानं मान खाली घातली. “गुरुजी, काल मीच वीस घागरी ओतल्या. मासे तडफडताना बघवेना.”

“तडफडत नव्हते ते. दाटीनं फिरत होते,” आचार्य म्हणाले. “तुझी दया तळ्याला एक दिवस महाग पडली.” दया करणाऱ्याला आपल्याकडे कुणी जाब विचारत नाही. आचार्यांनी विचारला, हे मला फार योग्य वाटतं.

सातव्या दिवशी नवी रेघ आदल्या रेघेवरच पडली. पाणी उतरायचं थांबलं होतं. खाली गुडघाभर पाण्यात मासे सुखरूप होते. आचार्य पाण्यात उतरले आणि त्या रेघेच्या उंचीवर भिंत चाचपत निघाले. पायरीच्या कोपऱ्यात त्यांचं बोट थांबलं. तिथं उंबराचं मूळ दगड फोडून आत शिरलं होतं.

व्यापाऱ्याला बोलावणं गेलं. तो आल्यावर आचार्य शिष्याला म्हणाले, “रोज भरलेल्या तळ्याची भेग सापडत नाही. पाणी उतरू द्यावं लागतं. ते उतरताना बघवत नाही, हे मला मान्य आहे. पण ते तळापर्यंत जात नाही. भेगेपाशी येऊन थांबतं, आणि मग हात नेमका जागेवर पडतो.”

शिष्य मूळ तोडायला वाकला. व्यापारी मात्र रेघेकडेच बघत राहिला.

“थांबतं, महाराज? नक्की थांबतं?”

“वरून ओतत राहिलो नाही, तर थांबतं.”

व्यापारी पायरीवर बसला. “ती गेली तेव्हा मी घरात सगळ्यांना बजावलं, की कुणी रडायचं नाही. आमची वेणू आईची आठवण काढून रडायला लागली, की मी उठून जायचो. दोन वर्षं झाली, पोरीनं माहेरी पाऊल टाकलं नाही. चुकलं माझं.”

आचार्यांनी भेग बुजवण्यासाठी चुन्यात गुळाचं पाणी कालवायला घेतलं.

भेग बुजवून झाली, पण चुना वाळेपर्यंत तळं भरायचं नव्हतं. त्याच दिवसांत व्यापारी स्वतः गाडीत बसून मुलीला घेऊन आला. त्या कोरड्या पायरीवर बसून बापलेक पोटभर रडली, आणि या खेपेला व्यापारी उठून गेला नाही.