मसाजीचा पालथा दगड

विहिरीच्या काठावर हा सपाट दगड आहे. पाणी ओढणारीने यावर पाय रोवून उभं राहायचं. त्याच्या खालच्या अंगाला माझ्या पणज्याचं, मसाजीचं नाव कोरलेलं आहे. मी ते कधी पाहिलेलं नाही.

त्या काळी ही विहीर आमच्या वस्तीला बंद होती. आमचा विटाळ होई. आमच्या बायका दोन कोसांवरच्या खाणीतून पाणी ओढून आणत. मसाजीने ठरवलं, आपण इथलंच पाणी प्यायचं. बायकांनी घरी थांबावं, असं बैठकीत ठरलं. ‘मसाजीने पहिलं पाणी काढलं’ असा दगडही पाथरवटाकडून आधीच कोरून घेतला.

सगळे पुरुष हलगी वाजवत विहिरीवर आले. पाणी पंधरा हात खोल. दोर कुणीच आणला नव्हता. पाणी ओढणं त्यांचं काम कधी नव्हतंच. गावकरी ओट्यावरून हसले. एक जण म्हणाला, “मसाजी, आता उडी टाकतोस का?”

तेवढ्यात मसाजीची बायको नागूबाई दोर आणि घागर घेऊन आली. तिने दोर सोडताच ओट्यावरून धोंडे येऊ लागले. तिचं कपाळ फुटलं, पण दोर सुटला नाही. घागर वर आली. सगळ्यांनी ओंजळ धरली. मसाजीने धरली नाही.

वस्तीत जो तो नागूबाईचं नाव घेऊ लागला. मसाजीला ते साहवेना, असं सांगतात. त्याने आपला दगड काठावर उभा केलाच. वर शपथ घेतली, मी ओढीन तेच पाणी पिईन. त्याने दोर सोडला की पाणी म्हणे हातभर खाली जाई. तीन दिवस घागर रिकामी वर आली. तळहात सोलले. चौथ्या दिवशी तो काठावरच कोसळला.

नागूबाईने पाणी ओढलं आणि त्याच्या तोंडाशी घागर धरली.

“नाव तुमचंच राहू द्या,” ती म्हणाली. “पाणी तेवढं प्या.”

तो प्याला. मग उठून त्याने दगड उपटला आणि पालथा घातला.

“याच्यावर पाय दे,” म्हणाला. “इथंच उभी राहून ओढत जा.”

आजही दर वर्षी त्या पहिल्या पाण्याच्या दिवशी पुरुष खांद्यावर दोर वाहून आणतात आणि पहिली घागर बाई ओढते. मसाजीच्या घरच्यांची ओंजळ सगळ्यांत शेवटी. दगड उलटवून ते नाव एकदा वाचावं, असं मला फार वाटतं. पण त्यावर कायम कुणीतरी पाणी ओढत उभी असते.