शेळीमावशीची हजेरी

बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी देवदारांचं एक जंगल होतं आणि त्या जंगलात एक म्हातारी शेळी राहत असे. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. मावशी मनाने फार चांगली होती, पण दिवसातून चार जणांना फैलावर घेतल्याशिवाय तिला पाला गोड लागत नसे.

या मावशीची एकुलती एक लेक खिंडीपलीकडच्या कुरणात दिली होती. मागच्या वर्षी लेकीचं पहिल्या वेताचं करडू जन्मताच गेलं. जवळ जाणतं कोणी नव्हतं. यंदा ती पुन्हा गाभण होती आणि तिने कावळ्याबरोबर निरोप धाडला, "आई, या खेपेला तू ये. मला भीती वाटते." निरोप ऐकताच मावशीने जायचं ठरवलं. लेक व्यायला तीन आठवडे उरले होते.

आता ती खिंड म्हणजे काही तुमच्या-आमच्या घरामागची टेकडी नव्हे, मुलांनो. तिथे हवा इतकी विरळ की चार पावलांत धाप लागते आणि डोकं ठणकायला लागतं. बर्फ असा भुसभुशीत की शेळीसारखे बारीक पाय असले तर पोटापर्यंत रुतायला होतं. पुढे जड अंगाचं कोणीतरी वाट तुडवत चालणारं हवंच. मावशीने तरुणपणी सात वेळा ती खिंड ओलांडली होती, पण तीही कोणाच्या ना कोणाच्या मागून. म्हणून तिने सोबती जमवले. वाट तुडवायला अस्वल घेतलं, ओझं वाहायला गाढव घेतलं. माकडाला कोणीच बोलावलं नव्हतं, ते आपणहून आलं.

मावशीने तिघांना मोठ्या देवदाराखाली बसवलं आणि बजावून सांगितलं, "पंधरा दिवस सराव. रोज समोरच्या कड्यावर चढून जायचं, वर थोडं थांबायचं आणि रात्री खाली येऊन झोपायचं. असं केलं तरच अंगाला विरळ हवेची सवय होते. सकाळी उजाडलं की इथे जमायचं आणि सगळ्यांनी मिळून निघायचं. कळलं?"

तिघांनीही माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं?

दुसऱ्या दिवशी मावशी उजाडायच्या आत झाडाखाली हजर. बघते तर चिटपाखरू नाही. वाट पाहून पाहून तिचे डोळे दुखायला लागले. दुपार कलल्यावर अस्वल आलं, ते गळ्यात रानफुलांचा हार घालून, ढेकर देत देत. पाठोपाठ माकड.

"मावशी, रागावू नका," माकड म्हणालं, "ओढ्याकाठच्या मंडळींनी आमचा सत्कार ठेवला होता. खिंडवीर म्हणून."

"अरे, पण खिंड अजून पाहिली तरी आहे का तुम्ही?"

"म्हणून तर आत्ताच करताहेत. नंतर आम्ही दमलेले असणार."

मावशीने कपाळावर खूर मारून घेतला. पण तो शेवटचा सत्कार असता तर ती ब्रह्मानंदात न्हाली असती. परवा वेळूच्या बनात सत्कार, तेरवा तळ्याकाठी, त्याच्या दुसऱ्या दिवशी घुबडांच्या आळीत. माकड प्रास्ताविक करी, विरळ हवेत श्वास कसा घ्यावा यावर तासभर बोले आणि आभार मानायलाही तेच उठे. अस्वल मधाची पोळी स्वीकारी आणि तिथल्या तिथे संपवी. ज्या खिंडीत अंगावर दोन किलो चरबी कमी असली तर बरं, तिच्या तयारीत या गृहस्थांचं पोट जमिनीला टेकायला आलं.

आणि गाढव? गाढवाचा तर पत्ताच नसे. ते ओढ्यापलीकडे, कड्याच्या पायथ्याशी राहायचं. संध्याकाळी अंधार पडायच्या बेताला धुळीने माखलेलं, कान पाडून झाडाखाली यायचं.

"आलात? या," मावशी म्हणायची. "ही काय यायची वेळ झाली?"

"मावशी, मी..."

"तू बोलूच नकोस. माकडाला निदान बहाणा तरी सुचतो, तुला तोही नाही. माझी लेक तिकडे दिवस मोजते आहे, आणि मी इथे तुमच्यासारख्यांपुढे तोंडाची वाफ दवडते आहे."

तिचं बोलणं संपलं की गाढव मान हलवून निघून जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मावशीने मग झाडाखालच्या मातीत हजेरी मांडली. तिघांच्या तीन ओळी, आणि जो आला नाही त्याच्या ओळीत खुराने एक रेघ. सकाळी रेघ मारायची, दुपारपर्यंत वाट बघायची, आल्या-गेल्यापुढे या तिघांचा उद्धार करायचा. तोवर उन्हं चढलेली असत. कावळा एकदा म्हणाला, "मावशी, तू तरी जाऊन ये वर."

"मी एकटी जाऊन काय करू?" मावशी उसळली. "सगळ्यांनी मिळून जायचं ठरलंय. आणि मला कसला सराव? मी सात वेळा गेलेली आहे. शिकायचं आहे ते यांना."

असे पंधरा दिवस गेले. सगळ्यात जास्त रेघा गाढवाच्या ओळीत होत्या. एकही दिवस सुटला नव्हता.

सोळाव्या दिवशी मंडळी निघाली. पहिल्याच चढाला माकडाला आठवण झाली, की आपण सगळेच गेलो तर परतल्यावर स्वागत कोण करणार? ते काम अंगावर घेऊन ते मागे फिरलं. मावशीला हायसं वाटलं. उरलेल्यांनी चढ चालू ठेवला आणि चौथ्या संध्याकाळी मावशी, अस्वल आणि गाढव खिंडीखालच्या सपाटीवर पोचले. कावळा पुढची हवा बघून आला. "उद्याचा दिवस स्वच्छ आहे," तो म्हणाला. "परवापासून बर्फ पडणार. मग आठवडाभर तरी वाट बंद."

मावशीचं डोकं आदल्या दिवसापासून ठणकत होतं. दुपारी एका खडकाआड जाऊन ती ओकली होती आणि त्यावर तिने खुराने बर्फ लोटला होता. बोलली मात्र कोणाला नाही. लेक एका दिवसाच्या अंतरावर आली होती.

खिंडीआधी जाणत्यांची एक रीत असते. बर्फावर सरळ रेघ ओढायची आणि तिच्यावरून वीस पावलं चालून दाखवायचं. विरळ हवेने डोकं धरलं असेल, तर पाय रेघ सोडतात. ज्याने रेघ सोडली त्याने खाली उतरायचं, त्यावर वाद नाही. मावशीने रेघ ओढली आणि अस्वलाला पुढे केलं. तिसऱ्या पावलाला अस्वल कलंडलं आणि बसूनच राहिलं.

"कधीपासून होतंय हे?" मावशीने विचारलं.

"दोन दिवस झाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार, मावशी? अकरा हार घातलेत लोकांनी. आता परत गेलो तर तोंड कुठे लपवू?"

मावशीने हात टेकले. मग गाढव रेघेवर आलं. वीस पावलं सरळ गेलं, वळलं आणि वीस पावलं सरळ परत आलं. धापसुद्धा लागली नाही. मावशी बघतच राहिली.

"तू एकही दिवस सरावाला आला नाहीस, आणि तुला काहीच होत नाही?"

"मी रोज जात होतो, मावशी," गाढव म्हणालं. "पहाटे ओढ्यापलीकडून थेट कड्यावर. रोज वर जायचं आणि खाली येऊन झोपायचं, असं तूच सांगितलं होतंस ना? तेवढं मी लक्षात ठेवलं."

"मग मला बोलला का नाहीस?"

"संध्याकाळी सांगायलाच यायचो. तू बोलू दिलं नाहीस." गाढवाने रेघेकडे पाहिलं. "आता तू चाल."

"मी? मी सात वेळा गेले आहे रे."

"तेव्हाचं तेव्हा. या पंधरा दिवसांत कड्यावर किती वेळा गेलीस?"

मावशी रेघेवर चढली. पाच पावलं नीट पडली. सहावं कुठे पडलं ते तिला कळलंच नाही. थांबून पाहिलं तर रेघ चार हात लांब राहिली होती. तिने पुन्हा चालून पाहिलं. पुन्हा तेच झालं.

"मला ने," ती गाढवाला म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक कोणी कधी ऐकला नव्हता. "तुझंही अंग जड आहे, तू वाट तुडव, मी मागून येते. माझी लेक वाट बघते आहे रे."

"खिंडीत तू पडलीस तर मी तुला उचलून खाली आणू, की लेकीकडे जाऊ? दोन्ही नाही जमणार, मावशी."

नियम तिनेच लावला होता. तिने लेकीसाठी आणलेल्या औषधी मुळ्यांचं गाठोडं गाढवाच्या पाठीवर चढवलं आणि सांगू लागली, "मुळी चावून तिला दे. करडू निपचित पडलं तर घाबरू नकोस. आधी नाकातोंडातला चिकटा काढ, मग पाठ जोरात चोळ, ते ओरडेपर्यंत चोळ." हे तिने तीन वेळा सांगितलं. गाढवाने तिन्ही वेळा नीट ऐकून घेतलं. उजाडताच कावळा आकाशातून आणि गाढव बर्फातून, असे दोघे खिंडीकडे निघाले.

मावशी आणि अस्वल उतरू लागले. अर्ध्या वाटेत अस्वल म्हणालं, "मावशी, खाली स्वागताची तयारी झाली असेल. काय सांगायचं त्यांना?" एरवी मावशीने त्याची सालटी काढली असती. आज ती नुसती चालत राहिली.

बर्फ थांबल्यावर कावळा परत आला.

"दोन करडं झाली," तो म्हणाला. "दुसरं निपचितच होतं. गाढवाने चोळून चोळून ओरडायला लावलं. आता दोन्ही दूध पिताहेत."

मावशीने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "आणि माझी लेक?"

"बरी आहे. फक्त रात्रभर तुझ्या नावाने हाका मारत होती. तिने विचारलंय, आई इतक्या आधीपासून तयारीला लागली होती, मग ती का नाही आली?"

मावशीने तोंड उघडलं. अस्वलाचे हार, माकडाची भाषणं, सगळं जिभेच्या टोकावर होतं. मग तिने ते गिळलं.

"तिला खरं ते सांग," ती म्हणाली. "म्हणावं, आई झाडाखाली बसून राहिली."

तात्पर्य : दुसरे तयारीला लागत नाहीत म्हणून कितीही वैतागलं, तरी त्याने आपली तयारी होत नाही, ती आपणच उठून करावी लागते.