जात्याला जागा

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा घरोघरी पहाटे जाती फिरत, आणि त्या जात्यांना टाकी लावत एक जोडपं गावोगाव हिंडत असे.

गुळगुळीत झालेला दगड नवरा छिन्नीने पुन्हा खरखरीत करायचा आणि बायको गल्लीतून हाक घालायची. दोन बैल, एक गाडी, गाडीवर फाटकं छप्पर, एवढा त्यांचा संसार. जिथे संध्याकाळ व्हायची, ते त्यांचं गाव.

टाकी लावून झाली की बायको मूठभर दाणे दळून दाखवायची. त्या पहिल्या पिठात दगडाची कच असते, म्हणून ते फेकून देतात. मग घरातली बाई जात्याशी बसायची आणि ही उठायची. किती घरांत ती अशी बसली आणि उठली असेल! सगळं आयुष्य तिने फेकून द्यायचंच पीठ दळलं.

तिचं स्वतःचं एक जातं होतं. लग्नात नवऱ्यानेच घडवून दिलेलं, काळ्या दगडाचं. पण एका रात्रीच्या मुक्कामाला जातं कोण मांडतं? ते गाडीच्या तळाशी गोणपाटात गुंडाळून पडलेलं असायचं. चढ लागला की नवरा म्हणायचा, "हा धोंडा उतरवू का? बैल दुवा देतील."

"मग मलाही उतरवा," ती म्हणायची. तो मुकाट्याने गाडीला खांदा लावायचा.

दिवस गेले. दोघांचे गुडघे बोलू लागले. साठवलेल्या चांदीत बैल आणि गाडी विकून भर घातली, तर एक लहानसं घर होण्यासारखं होतं. पण बैल एकदाच विकता येतात. घर चुकलं, तर पुन्हा वाटेला लागायला काहीच उरणार नव्हतं.

अशा वेळी ते एका मोठ्या गावी आले. वेशीतच एक दलाल भेटला. गळ्यात रेशमी रुमाल, तोंडात साखर. त्यांचं पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच तो हो म्हणत होता. उजेड हवा? आहे. शेजार हवा? आहे. शिवाय त्यांच्याकडून तो दलालीही घेणार नव्हता.

त्याने त्यांना तळ्याकाठचं घर दाखवलं. माघ महिना होता. भिंती नुकत्याच सारवलेल्या, तळ्यात कमळं, आणि मधल्या खोलीत खिडकीखाली एक उजेडाचा कोपरा. बायको त्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिचा उजवा हात आपोआप गोल फिरू लागला, जणू समोर जातं आहे. नवऱ्याने मान वळवली. त्याच्याने ते पाहवेना.

दलालानेही ते पाहिलं होतं. तो हळूच म्हणाला, "वहिनी, उद्या एक सावकार हे घर घेतोय. तुमच्यासाठी मी त्याला सकाळपर्यंत थोपवतो. बैलांना गिऱ्हाईक माझ्याकडे आहेच."

परतताना सरळ वाट एका गल्लीतून जात होती. दलालाने ती सोडली आणि त्यांना मागच्या उकिरड्यांमधून नेलं. बायकोने कारण विचारलं. गल्लीत ऊन लागतं, तो म्हणाला. माघातल्या उन्हाला कोण टाळतं, असं तिच्या मनात आलं. पण मन तर त्या कोपऱ्यातच राहिलं होतं.

रात्रभर तिने डोळ्यांपुढे घर मांडलं. सकाळी नवरा बैल सोडायला निघाला. सौदा होण्याआधी एक फेरी मारून येते, असं म्हणून ती टाकीची हाक घालत निघाली, आणि पाय तिला त्या सोडलेल्या गल्लीतच घेऊन गेले.

पहिल्याच घरातल्या बाईने तिला आत बोलावलं. जात्याची वरची तळी उचलली, तर खाली ओलं पीठ थापून बसलेलं, वर बुरशी. थंडीच्या कोरड्या दिवसांत!

"हे घर कोणी दाखवलं, ताई?"

"रेशमी रुमालवाल्याने. दाखवलं तेव्हा वैशाख होता. पावसाळ्यात भिंतींतून पाणी झिरपतं, बाई. विसार घेतल्यापासून तो या गल्लीत फिरकलेला नाही."

"मग घर विकून दिल्यावरही या गल्लीतून कोण येतं-जातं?"

बाई हसली. "घरं जुळवणारी मावशी. तिला ही गल्ली ओलांडायला सकाळची दुपार होते. निम्मी घरं तिनेच मिळवून दिलेली, सगळे चहूकडून हाका मारतात."

ती धावत परतली आणि तिने बैलांची दावी धरली. नवऱ्याने बैल पुन्हा बांधले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं हे त्याला ठाऊक होतं.

मावशी त्यांना त्याच गल्लीत भेटली. एक म्हातारा ओट्यावरून तिला ऐकवत होता, "तू दिलेल्या घराची कौलं गळतात गं!"

"घेताना सांगितलं होतं की नाही? तेव्हा म्हणालास, बरं झालं, चांदणं दिसेल."

म्हातारा खो खो हसला आणि त्याने मावशीला गूळ-पाणी दिलं.

बायकोने आपलं मागणं सांगितलं. जातं मांडायला एक कोपरा हवा.

"कोपरा जात्याला पुरेल," मावशी म्हणाली. "तुम्हाला काय लागतं?"

आषाढात पाणी कुठून चढतं, वैशाखात कुठली विहीर आटते, यातलं दोघांनी कधी काही पाहिलंच नव्हतं. कुठल्याच गावी त्यांनी सगळे ऋतू काढले नव्हते.

"तुम्हाला मुक्काम करता येतो, पोरी. राहणं निराळं. बैल विकू नका. येता पावसाळा इथे काढा, मग बघू. आणि दलाली मी तुमच्याकडून घेणार, आत्ताच सांगते. तुमची घेते, म्हणून तुमच्या बाजूने बोलते."

"तळ्याकाठचं घर मला आवडलंय."

"ते मी कुणालाच घेऊ देत नाही."

बायको रागावली. "तुमचं काय जातं, मावशी? तुम्हाला घर आहे."

मावशी म्हणाली, "आहे. म्हणूनच तुला भलतं घेऊ देत नाही."

ते थांबले. तळ्याकाठचं घर मावशीला न विचारताच एका विणकराने घेतलं. रोज संध्याकाळी बायको त्या बाजूने जायची. कौलांतून निघणारा चुलीचा धूर पाहायची आणि परत आपल्या गाडीखाली येऊन झोपायची. आपण उगीच थांबलो, असं तिला कितीदा वाटलं.

श्रावणात तळं चढलं. विणकराचा माग पाण्यात गेला. खिडकीखालच्या त्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी होतं. न विकलेल्या बैलांनीच विणकराचा संसार उंचावर ओढून नेला. रेशमी रुमालवाला त्या दिवशी दुसऱ्या वेशीत उभा होता. तिथे एक नवी गाडी येत होती.

दसऱ्यानंतर मावशीने एक बुटकं घर दाखवलं. मालकासमोरच म्हणाली, "दार पावसात फुगतं. चौकट ठेंगणी, कपाळ सांभाळा. पण चूल कोरडी राहते, विहीर बारमाही आहे, आणि शेजारीण फटकळ असली तरी हाकेला धावते." मालकाने तोंड वाकडं केलं. दोघांनी घर घेतलं. बैल गावातल्याच एका शेतकऱ्याला विकले, अधूनमधून नजरेला पडतील म्हणून. विणकरही आता कुठेही घर पाहण्याआधी मावशीला विचारू लागला.

पहिल्या पहाटे नवऱ्याने गोणपाट सोडलं आणि जातं मांडलं. टाकी लावली. बायकोने मूठभर दाणे घातले, दळले, ते पीठ बाजूला काढून टाकलं, आणि जन्माच्या सवयीने ती उठून उभी राहिली.

कुणीच तिच्या जागी बसायला आलं नाही.

"उठलीस कशाला?" नवरा म्हणाला. "घाल की अजून."

ती खाली बसली. तिने पुढची मूठ घातली. मग जातं फिरू लागलं, आणि दिवस वर येईपर्यंत ते थांबलं नाही.

तात्पर्य : घर मिळवून देणारा निवडताना, त्याने आधी दिलेल्या घरांसमोरून त्याला ताठ मानेने जाता येतं का, ते पाहावं.