मुरातांचं ‘विचार करू’

दर ऐकून जपानी खरेदीदार मुरातांनी दातांमधून सावकाश हवा ओढली, तेव्हाच कौमुदीने त्यांचा नकार ओळखला. सांगलीची हळद जपानला पाठवायची बोलणी चालली होती आणि ती व्यापारी दौलतरावांची दुभाषी होती. मुराता हसून जे बोलले ते तिने सांगितलं, “विचार करू म्हणतात. पण साहेब, हा नकार...”

“गप गं! होकारच आहे तो,” म्हणत दौलतरावांनी पेढे मागवले.

पुढे जपानहून चकार शब्द आला नाही. भरलेली पोती गोदामात पडून राहिली, तसे दौलतराव सगळ्यांदेखत गरजले, “हिनं भाषांतर चुकवलं! विचार करू म्हणजे नकार, हे कुठल्या शाळेत शिकवतात?”

नोकरी गेलीच, हे कौमुदीला कळून चुकलं. ती म्हणाली, “तुमच्याच शाळेत, साहेब. ताईच्या लग्नाला रजा मागितली, तेव्हा तुम्ही ‘बघू’ म्हणालात. लग्न माझ्याविना झालं.”

कोणीतरी खुदकन हसलं. दौलतरावांची मान खाली गेली. “लाव मुरातांना फोन. काय खटकलं ते विचार.”

आशा अशी तिला उरलीच नव्हती. फोन नुसता वाजत राहिला, कट झाला. तिने पुन्हा लावला. ठेवणार इतक्यात पलीकडून मुरातांचा दबका आवाज आला, “बोला, कौमुदी-सान.”