धूम्रकेशाचा साप आणि चालणारी राजकन्या

एका राज्यात राजकन्या चालत होती. सकाळी चालत होती, जेवताना चालत होती, झोपेतही चालत होती. एक दासी पुढे पळत घास भरवी, दुसरी मागून धावत वेणी घाली. पलंगाला बांधून पाहिलं, तर ती पलंग पाठीवर घेऊन निघाली. तिचं नाव चारुमती, वय सतरा, आणि तळपायाला कातडं म्हणून उरलं नव्हतं.

हे कुणामुळं झालं? बापामुळं. दुसरं कोण असणार?

राजा रणधवल तसा वाईट नव्हता, पण त्याच्या हाताला चैन नसे. झाकण दिसलं की उघडणार, खपली दिसली की काढणार. श्रावणातल्या पंचमीला जमिनीत कुदळ घालू नये, विळी धरू नये, चुलीवर तवा ठेवू नये, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. नेमकं त्याच दिवशी कुणीतरी कानात सांगितलं, की महाराज, बागेत धनाचा हंडा आहे.

राणी म्हणाली, "आजचा दिवस थांबा."

राजा म्हणाला, "आणि हंडा सरकला तर?" आणि त्यानं कुदळ घातली.

हंड्यात धन नव्हतं. हंड्यात धूम्रकेश नावाचा मांत्रिक शंभर वर्षं झोपला होता, आणि त्याच्या कुशीत त्याचा साप. कुदळ झाकणावर आदळली आणि दोघंही जागे झाले.

"पंचमीला माझी झोप मोडलीस," मांत्रिक म्हणाला. "आजपासून तुझ्या लेकीला विसावा नाही. पुढच्या पंचमीला सूर्य मावळला, की ती सीमा ओलांडून जाईल. परत येणार नाही." एवढं बोलून त्यानं साप गळ्यात घातला आणि तो चालता झाला.

दहा महिने राजानं त्याला शोधलं. अखेर एका डोंगराच्या कपारीत तो सापडला, टक्क जागा. राजानं पाय धरले.

"हा साप ने," मांत्रिक म्हणाला. "तुझ्या कुदळीनं तोही बिथरलाय. खात नाही, निजत नाही, मलाही निजू देत नाही. त्यानं आपल्या मर्जीनं तुझ्या लेकीच्या तळहातावर झोप घेतली, तर शाप सुटला."

"तळहाताला बांधून ठेवला तर?"

"मर्जीनं म्हणालो मी."

असा तो साप वेताच्या करंडीतून राजवाड्यात आला. हळदीसारखा पिवळा, अंगावर तपकिरी पट्टे, मनगटाहून बारीक. विष नव्हतं, दात होते. पंचमीला पन्नास दिवस उरले होते.

मग काय विचारता, अख्खा राजवाडा लोटला. राणीनं सोन्याच्या वाटीत दूध आणलं, लाह्या आणल्या, हळदकुंकू वाहिलं. पुरोहितानं घंटा बडवली. सेनापतीनं कुठून तरी पुंगीवाला धरून आणला. राजा तर घटकेघटकेला झाकण उचलून बघे, झोपला का, झोपला का. साप दुधाला तोंड लावीना, तेव्हा राणीनं तान्ह्या बाळाचं बोंडलं काढलं आणि धार त्याच्या तोंडात सोडली. दूध नाकपुड्यांतून बाहेर आलं, साप तडफडला. चारुमतीनं चालता चालता त्याला सावरायला हात घातला, तर बोटाला कडकडून चावला.

"मारा त्याला," खिडकीतून आवाज आला. "एवढंच राहिलंय."

खिडकीत भारद्वाज पक्षी बसला होता, विटकरी पंखांचा, लालभडक डोळ्यांचा. त्याचं दर्शन शुभ, म्हणून राणीनं हात जोडले.

"हात मागाहून जोडा, बाईसाहेब. आधी ते दूध उचला. साप दूध पीत नाही."

"पंचमीला सगळी रयत पाजते," राजा म्हणाला.

"रयत पाजते. साप पीत नाही."

"तुला काय ठाऊक?"

"मी सापाची पिल्लं खातो. खाणाऱ्याला खाद्याची माहिती असतेच."



"कामं तीन आहेत," भारद्वाज म्हणाला, "आणि तिन्ही मुलीनंच करायची. पहिलं असं, की करंडी उबेच्या जागी ठेवावी. पाण्याचं पसरट भांडं ठेवावं. लपायला फुटकं मडकं ठेवावं. मग सात दिवस कुणी बघूसुद्धा नये."

"सात? आमच्यापाशी पन्नासच आहेत."

"मग पन्नासही घालवा. माझं काय जातंय?"

मोठ्या दालनाच्या मधोमध करंडी ठेवली आणि चारुमती तिच्याभोवती फिरू लागली. सात दिवस तिनं करंडीकडं मान वळवली नाही. राजाच्या अंगात मात्र मुंग्या. तो दाराशी येई, परत जाई, पुन्हा येई. शेवटी राणीनं दालनाची किल्ली कमरेला खोचली. आठव्या दिवशी चारुमतीनं पाहिलं, तर मडक्यातून एक पिवळं नाक बाहेर आलं होतं आणि इवली जीभ लवलवत होती. तिला वर्षात पहिल्यांदा बरं वाटलं.

दुसरं काम जेवणाचं. राजानं हौसेनं कोठारातला घुशीएवढा उंदीर आणवला.

"हा त्यालाच खाईल," भारद्वाज म्हणाला. "सापाचं पोट जेवढं जाड, तेवढाच उंदीर. लाकडी चिमट्यात धरून पुढं करायचा, बोटांनी नाही. हाताला उंदराचा वास राहिला, तर सापाला हातच उंदीर. आणि खाल्ल्यावर दोन दिवस त्याला उचलायचं नाही. नीट ऐका, दोन दिवस."

चारुमतीला थांबता येत नव्हतं. म्हणून ती दर फेरीला चिमटा पुढं करी आणि तशीच पुढं जाई. सतरा फेऱ्या फुकट गेल्या. अठराव्या फेरीला चिमटा हलका लागला. सापानं उंदीर डोक्याकडून धरला आणि सावकाश गिळला. राजवाड्यात साखर वाटली.

साखर तोंडात विरघळायच्या आत राजानं साप उचलला. पोट भरलंय, आता झोपेलच, घे बाळ, हात पुढं कर. साप आकसला आणि त्यानं उंदीर जसाच्या तसा उलटून टाकला. दहा दिवस त्यानं पुन्हा अन्नाला तोंड लावलं नाही.

चारुमती त्या दिवशी पहिल्यांदा बापाशी रागानं बोलली.

"बाबा, हात आवरा. अकरा महिने मला सगळे धरतायत, बांधतायत, घडीघडीला माझ्या पापण्या उचलून बघतायत. तुम्हाला वाटतं ही माया आहे. मला त्यानं जीव नको झालाय. त्याला तरी सोडा."

राजा खाली मान घालून उभा राहिला. 

तिसरं काम हाताळण्याचं. "वरून हात न्यायचा नाही," भारद्वाज म्हणाला, "वरून येते ती घार. बाजूनं जा, पोटाखाली हात घाल, दोन्ही हातांचा आधार दे. मूठ वळायची नाही. तो जाईल तिकडं हात पुढं करायचा."

रोज थोडा वेळ तिनं तसं केलं. साप एका हातावरून दुसऱ्या हातावर जाऊ लागला, मनगटाला वेढा देऊ लागला. चावणं थांबलं, पण झोप येईना. कशी येणार? चालत्या फांदीवर कुणी झोपतं का?

पंचमीला पाच दिवस राहिले आणि सापाचे डोळे पांढुरके झाले. तो मडक्यात शिरला तो बाहेरच येईना.

"कात टाकतोय," भारद्वाज म्हणाला. "आता त्याला धड दिसत नाही. ओलं फडकं ठेवा आणि हात लावू नका."

"किती दिवस?" राजानं विचारलं.

"त्याला विचारा."

पंचमी उजाडली. दूध, लाह्या, घंटा, झांजा घेऊन सारी रयत राजवाड्याच्या दाराशी आली. दुपार कलली. साप मडक्यातच होता. साप तळहाताला बांधायला राजानं रेशमी दोरा आणला होता.

"चारुमती, ऊन भिंतीवर गेलं. त्याला बाहेर काढू दे."

"नको बाबा. त्याला दिसत नाहीये. आंधळ्याला ओढून काढायचं?"

"मग तुझं काय?"

"मी जाईन," ती म्हणाली आणि चालता चालता रडू लागली. तिला जायचं नव्हतं.  पण करंडीजवळून जाताना तिनं हात पाठीमागं बांधले.

राजानं दोरा खिडकीतून भिरकावला. मग जाऊन दालनाच्या दाराला आतून पाठ लावून उभा राहिला आणि पुरोहिताला, राणीला, रयतेला, कुणालाही आत येऊ दिलं नाही.

इकडं साप मडक्याच्या फुटक्या कडेला नाक घाशीत होता. ओठाशी कात सुटली आणि मोज्यासारखी उलटी होत सबंध निघाली. नवाकोरा साप करंडीच्या कडेवरून उतरला आणि सरळ चारुमतीच्या वाटेत आला. तिनं पाहिलं तेव्हा तीन पावलांचं अंतर होतं. पाय तिच्या ताब्यात नव्हते. पाय त्याला तुडवणार होते.

पाय तिचे नव्हते, पण बाकीचं अंग तिचंच होतं ना? तिनं ते बाजूला झोकून दिलं. कोपरं फरशीवर आपटली. ती आडवी पडली, पाय हवेतच चालत राहिले आणि एक हात उघडा, सापासमोर पडला.

राजा धावला नाही. कसा राहिला, त्याचं त्यालाच माहीत.

सापानं जीभ काढून बोटं चाचपली. फरशी गार होती, तळहात ऊबदार होता. तो चढला, एक वेटोळं घातलं, दुसरं घातलं आणि वर डोकं टेकलं. सापाला पापण्या नसतात, तेव्हा तो झोपला हे कुणाला कळावं? ते पायांवरून कळलं. आधी डावा पाय थांबला, मग उजवा.

सूर्य मावळला. दूर कपारीत धूम्रकेश घोरू लागला. राजानं दाराबाहेर येऊन हलक्या आवाजात सांगितलं, की घंटा ठेवा, दूध घरी न्या आणि लेकरांना पाजा. त्या राज्यात पंचमीला हीच रीत पडली.

चारुमती तीन दिवस झोपली. चौथ्या दिवशी जागी झाली, तेव्हा साप मडक्यात गेला होता आणि बाप समोर फरशीवर मांडी घालून बसला होता.

"चल," राजा म्हणाला, "आई वाट बघतेय."

"जाऊ," चारुमती म्हणाली. "पण आधी मी इथं जरा बसते."

ती बसली, तशी तुमच्या-आमच्या घरची चालून थकलेली माणसंही बसोत.