सालोमीची मूठ

एकदा काय झालं, एका डोंगराच्या पायथ्याशी सालोमी नावाची बाई राहायची. नवरा कधीच देवाघरी गेलेला. घरात दोन लेकरं. थोरली करुणा, आठ वर्षांची. धाकटा योना, अडीच वर्षांचा आणि भारी द्वाड. आई भाकरीचं पीठ मळायला बसली की हा परातीत हात घालायचा आणि तेच हात आईच्या तोंडाला पुसायचा. हसा, हसून घ्या. पुढं हसण्यासारखं फार नाही.

मग काय झालं, योनाला ताप भरला. तीन दिवस उतरला नाही. चौथ्या दिवशी सकाळी योना गेला. गेला म्हणजे मेला गं. मी काही लपवून सांगणार नाही.

मग सुतारानं छोटीशी पेटी केली. चर्चच्या पाळकबाबांनी प्रार्थना केली. पेटी खाली सोडली. आता आपल्यात काय करतात, ठाऊक आहे ना? प्रत्येकानं मूठभर माती टाकायची. गावानं टाकली. करुणानंही टाकली. सालोमीनं माती उचलली, आणि तिच्या मनात आलं, ही मी टाकली की माझा योना खरोखरच गेला. मग ती तशीच वळली आणि मिटल्या मुठीनं घरी आली.

ती मूठ पुन्हा उघडलीच नाही, बरं का. जेवताना नाही, अंघोळीला नाही, झोपेत नाही.

आता भाकरी थापायला दोन हात लागतात. मग करुणाच थापायला लागली. भाकरी जाड व्हायची, कच्ची राहायची, बोटं भाजायची. पोरीची शाळा सुटली. सालोमीला यातलं काही दिसतच नव्हतं. ती ओट्यावर बसायची आणि मुठीकडं बघत राहायची. करुणा जवळ आली की मूठ पदराखाली लपवायची, जणू पोर ती हिसकावूनच घेणार होती. मग करुणानं जवळ यायचंच सोडलं. एक लेकरू मातीत गेलं होतं, आणि दुसरं घरातल्या घरात हरवत चाललं होतं.

मग वैद्यबुवा आले. त्यांनी तीळतेल चोळलं, ऊन पाण्यात हात बुडवला. मूठ तशीच.

मग शेजारच्या मार्थाकाकी आल्या. म्हणाल्या, "पुरे झालं आता. देवाला गोजिरी फुलं आवडतात, त्यानं खुडून नेलं." सालोमी मनात म्हणाली, दुसऱ्याच्या अंगणातली फुलं खुडणारा असला कसला देव? आणि मूठ आणखी आवळली.

मग पाळकबाबा आले. म्हणाले, "तुमचं बाळ स्वर्गात आहे, बाई. विश्वास असणाऱ्यानं इतका शोक करू नये." भला माणूस हो, खोटंही बोलत नव्हता. पण भुकेल्याला पुढच्या वर्षीच्या पिकाचं सांगून काय उपयोग? त्या दिवशी सालोमीची बोटं दगडाची झाली. खरंच सांगते. टिचकी मारली तर टक्क वाजायची.

असं वर्ष गेलं. मग एकदा भर दुपारी एक वाटसरू आला. पाय धुळीनं भरलेले. त्यानं पाणी मागितलं. करुणानं तांब्या दिला. तो पाणी प्याला आणि ओट्यावर सालोमीच्या शेजारी बसला. मुठीचं त्यानं विचारलंच नाही.

म्हणाला, "बाई, तुमच्या लेकराचं नाव काय होतं?"

वर्षभरात कुणी योनाचं नाव घेतलं नव्हतं. तिला वाईट वाटेल म्हणून गाव ते नाव टाळत होतं. सालोमीनं नाव सांगितलं. मग ताप सांगितला. मग परात सांगितली, पीठ सांगितलं, ते चिकट हात सांगितले. वाटसरू ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता ढळाढळा रडायला लागला.

सालोमी गडबडली. म्हणाली, "दादा, तुम्ही का रडता?"

"माझा एक जिवलग मित्र होता. त्याच्या कबरेपाशीही मी असाच रडलो होतो. तो घटकाभरात कबरेतून जिवंत उठणार होता, ते मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं, तरी रडलात?"

"त्याच्या बहिणी रडत होत्या ना," तो म्हणाला.

मग त्यानं आपला हात तिच्या मुठीखाली उघडा धरला. तळहातावर मधोमध खिळ्याची जुनी खोल जखम होती. सालोमीनं ती पाहिली आणि तिनं त्याला ओळखलं. तुम्हीही ओळखलं असेल.

"माझा योना?" तिनं विचारलं.

"माझ्याजवळ आहे."

"परत द्याल?"

"देईन. पण आज नाही."

सालोमीला राग आला. फार राग आला. तिनं ती दगडी मूठ त्याच्या तळहातावर आपटली, त्या जखमेवरच. एकदा आपटली. दुसऱ्यांदा आपटली. त्यानं हात मागं घेतला नाही. तिसऱ्यांदा आपटली, आणि मूठ तिथंच राहिली. मग एकेक करून बोटं सुटली. आत वर्षापूर्वीची माती होती, अजून ओली.

मग दोघं कबरस्तानात गेली. सालोमीनं गुडघे टेकले, ती माती योनाच्या कबरेवर घातली आणि हातानं सारखी केली, झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करतात तशी. मागं वळून बघते तर कुणी नव्हतं.

मग ती घरी आली. करुणा चुलीपाशी होती. सालोमीनं तिचे हात हातात घेतले. भाजलेली बोटं तिला पहिल्यांदाच दिसली. मग तिनं दोन्ही हातांनी लेकीला उराशी धरलं. आणि वर्षभर जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती करुणा भावासाठी हंबरडा फोडून रडली. तव्यावरची भाकरी करपून गेली. कुणी उलटलीसुद्धा नाही.

पुढं त्या दोघी राहिल्या. कधी हसायच्या, कधी योनाची आठवण काढून रडायच्या, पण एकमेकींजवळ बसून. असं मरेपर्यंत राहिल्या, आणि मग जिथं योना होता तिथं गेल्या.

निजा आता. आणि रडू येत असेल त्यानं इकडं सरकावं. माझ्या कुशीत जागा आहे.