अध्यक्षांचा घसा

फार वर्षांपूर्वी तळ्याकाठच्या पक्ष्यांचा एक वैद्यसंघ होता आणि मी, म्हणजे करकोचा, त्यात घशाचा वैद्य म्हणून मिरवत होतो. त्या वर्षी मी अध्यक्षपदाला उभा राहिलो. काहींनी खंड्याचंही नाव दिलं होतं, पण तो दिवसभर रुग्णांत असे. प्रचाराला तो फिरकलाच नाही. मी मात्र झाडोझाड भाषणं ठोकली आणि दणदणीत निवडून आलो.

विजयाच्या जेवणात घास तोंडात असतानाच मी आभाराचं भाषण सुरू केलं. माशाचा काटा घशात आडवा रुतला. घशाचा वैद्य मीच. आता स्वतःच्या घशात स्वतःची चोच कशी घालणार?

सारे वैद्य धावले. घार म्हणाली, "अध्यक्षांवर उपचार म्हणजे आधी समिती नेमली पाहिजे."

"समितीचा प्रमुख मी!" सुतारपक्षी ओरडला. त्यावरून दोघांची जुंपली आणि इकडे माझे डोळे पांढरे व्हायला लागले.

तेवढ्यात पाणकोंबडीचं पिल्लू तपासून खंड्या आला. "आ करा, दादा," म्हणत त्यानं सरळ डोकं आत घातलं आणि काटा उपसून काढला.

"आता महिनाभर बोलायचं नाही," त्यानं बजावलं.

शरमून मी पंखानं त्याला माझी खुर्ची दाखवली.

"नको, रुग्ण खोळंबलेत," म्हणून तो उडून गेला.

महिनाभर मी सभांत नुसती मान डोलावली. संघाची कामं कधी नव्हे इतकी झटपट उरकली. पुढच्या वर्षी मला बिनविरोध निवडलं. अट एकच होती, बोलायचं नाही.